‘ॲमेझॉनने हार्डवेअरची महादुकानं खाल्ली’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

मजकूर सगळ्यांपर्यंत पोहोचलाच असेल, तरी थोडक्यात सांगतो. अमेरिका-इंग्लंडमध्ये घरदुरुस्तीच्या सामानाची अवाढव्य दुकानं धडाधड बंद होत आहेत. ॲमेझॉनने त्यांचा धंदा खाल्ला. लोकांनी घरं दुरुस्त करणंच सोडलं. ट्रू व्हॅल्यूची साडेचार हजार दुकानं बुडाली. हजारो कामगार घरी बसले. आता पुन्हा गल्लीतल्या छोट्या हार्डवेअरवाल्याचे दिवस येणार. आणि शेवटी सल्ला: बंद पडणाऱ्या दुकानांत ९० टक्के सवलत असते, तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना सांगा, सामान उचला.

दुकानं बंद झाली हे खरं आहे आणि माणसांच्या नोकऱ्या गेल्या हेही खरं आहे. बाकी कारणमीमांसा मात्र एकदा नीट तपासावी अशीच आहे.

“ॲमेझॉनने खाल्लं”

आधी मालाकडे बघू. अमेरिकेत अंगणात दहा फूट बाय दहा फूट, चार इंच जाडीचा काँक्रीटचा ओटा घालायचा आहे असं धरा. ३३ घनफुटांच्या थोडं वर काँक्रीट लागतं. तयार मिश्रणाच्या ८० पौंडी, म्हणजे ३६ किलोच्या एका पिशवीतून ०.६ घनफूट काँक्रीट निघतं. म्हणजे ५६ पिशव्या आणि वजन दोन टनांच्या वर. पिशवीची किंमत काही डॉलर. हा माल कुरिअरने घरोघरी पोहोचवून कोणाला नफा होईल? जिप्समच्या आठ बाय चार फुटी तक्त्याचं तेच, प्लायवूडचं तेच. तक्ता ट्रकमधून नेताना कोपरा दबला की बाद. लाकडाच्या पट्टीला बाक आहे का, हे सुतार डोळ्याजवळ धरून बघतो. फोटोवरून ते कळत नाही.

शिवाय घरदुरुस्तीतली बरीच खरेदी घाईची असते. रविवारी सकाळी फ्लशची टाकी वाहायला लागली की माणूस आतला रबरी पडदा काढून, खिशात घालून दुकानात जातो. कारण तो दोन इंची की तीन इंची हे बहुतेकांना माहीत नसतं आणि चुकीचा आणला तर पाणी वाहतच राहतं. दोन दिवसांनी येणाऱ्या पार्सलचा इथे उपयोग शून्य.

आता आकडे. होम डेपो ही या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी कंपनी. तिची विक्री वित्तीय वर्ष २०१९ मध्ये सुमारे ११० अब्ज डॉलर होती; २०२२ मध्ये ती १५७ अब्जांवर गेली. त्या विक्रीत ऑनलाइनचा वाटा साधारण सातवा हिस्सा, आणि त्यातल्याही जवळपास निम्म्या ऑर्डरी कंपनीच्या दुकानांतूनच भागवल्या जातात. म्हणजे ऑनलाइन आलं ते दुकानाच्या शटरमधूनच. इंग्लंडमधली स्क्रूफिक्स तर याच मिश्रणावर वाढली: फोनवर ऑर्डर टाका, काही मिनिटांत काउंटरवरून पिशवी उचला. तिची ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून नऊशेच्या वर दुकानं आहेत. कारागिराला खिळे-स्क्रूसाठी विमानतळाएवढ्या दालनात फिरायला वेळ नसतो, ही गोष्ट या मंडळींनी वेळेवर ओळखली.

ऑनलाइनचा फटका बसतच नाही असं नाही. दिवे, नळ, पडद्याचे दांडे, हातातली छोटी यंत्रं यांत बसतो. पण संपूर्ण साखळ्या कोसळल्या त्या या फटक्याने नव्हेत. एकेक प्रकरण उघडून बघितलं की ते दिसतं.

सगळ्यात बोलकं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं आणि त्याला लागूनच इंग्लंडमधलं.

ऑस्ट्रेलियात बनिंग्ज नावाच्या साखळीचं या धंद्यावर राज्य आहे. तिला टक्कर द्यायला तिथल्या वूलवर्थ्स या किराणा कंपनीने अमेरिकेच्या लोज या घरदुरुस्ती-साखळीला भागीदार घेतलं: दोन तृतीयांश वाटा वूलवर्थ्सचा, एक तृतीयांश लोजचा. ‘मास्टर्स’ नावाचं पहिलं दुकान सप्टेंबर २०११ मध्ये मेलबर्नच्या ब्रेब्रुक भागात उघडलं. भांडवल भरपूर, दुकानं चकचकीत. पण मालाची आखणी अमेरिकन धाटणीची. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे पहिलीतल्या पोराला समजतं, तरी हंगामी माल चुकीच्या वेळी मांडल्याच्या कहाण्या तिथे अजून सांगितल्या जातात. दारातून आत शिरलं की कपडे धुण्याची यंत्रं आणि फ्रिज. ज्याला सिमेंटची पिशवी आणि पाइप हवाय तो कारागीर तिथूनच वळून बनिंग्जला जायचा. ओळखीचे ब्रँड कमी, आणि जागा घाईत घेतलेल्या, त्यामुळे काही दुकानं वस्तीपासून लांब. जानेवारी २०१६ मध्ये बाहेर पडण्याचं जाहीर झालं आणि ११ डिसेंबर २०१६ ला उरलेली सगळी दुकानं एकाच दिवशी बंद झाली. एकूण ६३. त्याच काळात, त्याच शहरांत, त्याच इंटरनेटच्या जमान्यात बनिंग्ज जोरात चालली होती. ॲमेझॉनचं ऑस्ट्रेलियातलं पूर्ण दुकान सुरू झालं तेच मुळी डिसेंबर २०१७ मध्ये. मेलेल्याला मारण्याचा आरोप त्याच्यावर कसा करणार?

आता गंमत अशी की या लढाईत जिंकलेली बनिंग्ज त्याच वर्षी इंग्लंडला गेली आणि तिने हुबेहूब तीच चूक केली.

होमबेस ही इंग्लंडमधली जुनी साखळी. पहिलं दुकान १९८१ मध्ये क्रॉयडनला. बनिंग्जची मालक कंपनी वेसफार्मर्स हिने २०१६ च्या सुरुवातीला ती ३४ कोटी पौंडांना विकत घेतली, अडीचशेहून अधिक दुकानांसह. आल्या आल्या होमबेसची जुनी वरिष्ठ मंडळी घरी पाठवली. मग दुकानातला माल बदलला. होमबेसला येणारं गिऱ्हाईक हे मुख्यतः घर सजवणारं: भिंतीचा कागद, उशा, पडदे, दिव्यांच्या छत्र्या, शिवाय स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची आखणी. लॉरा ॲशली आणि हॅबिटॅटसारख्यांचे गाळे आत होते ते याचसाठी. बनिंग्जला हे सगळं मऊमऊ वाटलं. ते काढून त्या जागी हत्यारं, शिड्या आणि बार्बेक्यूच्या शेगड्या आल्या. ऑस्ट्रेलियात ते खपतं, कारण तिथे मोठं अंगण आणि लांबलचक उन्हाळा. इंग्लंडमध्ये अंगण खोलीएवढं आणि ऊन वर्षातले थोडे आठवडे. हत्यारं हवी असणारा माणूस तिथे आधीच बी अँड क्यू या दुसऱ्या घरदुरुस्ती-साखळीकडे किंवा स्क्रूफिक्सकडे जात होता, तो आला नाही. सजावटवाली बाई होती ती गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सेंट ऑल्बन्सला बनिंग्जच्या नावाचं पहिलं प्रायोगिक दुकान उघडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने या खरेदीपोटी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम ताळेबंदातून खोडून टाकली आणि स्वयंपाकघर-न्हाणीघराचा माल काढणं चुकलं हे स्वतःच कबूल केलं. मे २०१८ मध्ये सगळी साखळी हिल्को नावाच्या गुंतवणूकदार कंपनीला विकली. किंमत एक पौंड.

एक पौंडाला का? कारण दुकानांबरोबर भाडेकरार येतात. ब्रिटनमध्ये अशा मोठ्या गाळ्यांचे करार वीस-पंचवीस वर्षांचे असायचे आणि त्यात ठराविक वर्षांनी भाड्याचा फेरविचार व्हायचा तो फक्त चढता. बाजारभाव पडला तरी भाडं खाली येत नाही. दुकान बंद केलं तरी करार संपेपर्यंत भाडं चालूच. म्हणून नव्या मालकाने ऑगस्ट २०१८ मध्ये काय केलं तर तिथल्या कायद्यातली देणेकऱ्यांशी तडजोडीची तरतूद वापरली. येणं असलेल्या लोकांपैकी रकमेच्या हिशेबाने ७५ टक्क्यांनी होकार दिला की ती सगळ्या विनातारण देणेकऱ्यांवर बंधनकारक होते, आणि नको असलेले करार सोडवता येतात. त्या तडजोडीत ४२ दुकानं बंद करायचं ठरलं, दीड हजाराच्या आसपास नोकऱ्यांवर गदा आली. पुढे करोनात लोक घरात अडकले तेव्हा होमबेसला थोडी उभारी मिळाली, ती टिकली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेली. ७० दुकानं आणि नाव ‘द रेंज’ या घरसामानाच्या साखळीच्या मालकांनी घेतलं, ४९ दुकानं आणि सुमारे दोन हजार नोकऱ्या अधांतरी राहिल्या. त्याच्या आधीच दहा जागा सेन्सबरीजने किराणा दुकानांसाठी उचलल्या होत्या. शहरालगतची, मोठ्या पार्किंगची जागा ओस पडली नाही. तिच्यावर भाजी-दूध विकणाऱ्याला ती जास्त फायद्याची वाटली, एवढंच.

जर्मनीतल्या प्राक्टिकर या घरदुरुस्ती-साखळीची गोष्ट वेगळी. ‘जनावरांचं खाद्य सोडून सगळ्यावर २० टक्के सूट’ ही त्यांची जाहिरात वर्षानुवर्षं गाजली. गिऱ्हाइकाला सवय लागली: सूट असेल तेव्हाच जायचं. सूट बंद केली की दुकान रिकामं, चालू ठेवली की नफा रिकामा. जुलै २०१३ मध्ये दिवाळं. तिथल्या जागांवर नंतर बाउहाउस, ओबी, हॉर्नबाख हेच घरदुरुस्तीवाले बसले. गिऱ्हाईक पळालं असतं तर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच धंद्यासाठी त्या जागा घेतल्या असत्या का?

“एकामागून एक दुकानं बंद, म्हणजे कंपनी बुडाली”

फॉरवर्डमध्ये लोजचं नाव हमखास असतं, म्हणून ते जरा नीट. मार्व्हिन एलिसन जुलै २०१८ मध्ये लोजचे प्रमुख झाले. ऑगस्टमध्ये त्यांनी ऑर्चर्ड सप्लाय ही सगळी ९९ दुकानांची उपकंपनी बंद करायचं जाहीर केलं. ५ नोव्हेंबरला अमेरिकेतली २० आणि कॅनडातली ३१ ठिकाणं. शिवाय मेक्सिकोतून माघार. यादी वाचून छातीत धडकी भरते खरी. पण त्याच निवेदनात होतं की बंद होणारी बहुतेक दुकानं लोजच्याच दुसऱ्या दुकानापासून दहा मैलांच्या आत आहेत. भरभराटीच्या वर्षांत एकमेकांच्या पोटावर पाय देणारी दुकानं उघडली गेली होती, ती कमी केली.

लोजची विक्री वित्तीय वर्ष २०१९ मध्ये ७२ अब्ज डॉलर होती, २०२१ मध्ये ९६ अब्ज. दुकानं कमी, विक्री जास्त.

कॅनडात मात्र खरी आपटी खाल्ली. रोना ही तिथली साखळी २०१६ मध्ये ३.२ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून घेतली, २०१८ ची ३१ आणि २०१९ मध्ये आणखी ३४ ठिकाणं बंद केली, आणि २०२२ मध्ये कॅनडातला अख्खा धंदा ४० कोटी अमेरिकी डॉलर रोख आणि पुढच्या कामगिरीवर अवलंबून असलेली काही रक्कम एवढ्यावर विकून टाकला. घेतला केवढ्याला, दिला केवढ्याला!

होम डेपोनेही २००८ मध्ये १५ दुकानं बंद केली, पन्नासेक नियोजित दुकानं रद्द केली, आणि जानेवारी २००९ मध्ये श्रीमंती स्वयंपाकघरांची एक्स्पो ही ३४ दुकानांची शाखा गुंडाळली. ७,००० नोकऱ्या गेल्या. तेव्हा अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला होता. आज हीच कंपनी २०२३ पासूनच्या पाच वर्षांत ८० च्या आसपास नवी दुकानं उघडायची योजना राबवते आहे, आणि लोजने वर्षाला दहा ते पंधरा नव्या दुकानांचं जाहीर केलं आहे.

“लोकांनी घरं दुरुस्त करणं सोडलं”

सोडलं नाही, लांबणीवर टाकलं. अमेरिकेत माणूस घरावर सगळ्यात जास्त खर्च दोनदा करतो: विकण्याच्या आधी रंगरंगोटीला आणि विकत घेतल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. म्हणजे घरं हातबदल होत राहिली पाहिजेत. २०२१ च्या जानेवारीत तिथे तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पावणेआठच्या वर गेला. तीन टक्क्यांचं कर्ज सोडून आठ टक्क्यांचं नवं कोण घेईल? लोक आहे त्या घरात बसून राहिले. जुन्या घरांची विक्री २०२१ मध्ये ६१ लाखांच्या वर होती, २०२४ मध्ये ती ४०.६ लाखांवर आली. १९९५ नंतरचा नीचांक.

त्यात करोनाच्या दोन वर्षांत लोकांनी पुढच्या पाच वर्षांची कामं उरकून घेतलेली. एकदा लाकडी डेक बांधला की तो परत पुढच्या वर्षी कोणी बांधत नाही. म्हणून होम डेपोची तुलनात्मक विक्री (म्हणजे आधीपासून चालू असलेल्या दुकानांची विक्री) २०२३ मध्ये ३.२ टक्के आणि २०२४ मध्ये १.८ टक्के घटली. मोठी स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, म्हणजे कर्ज काढून करायची कामं थांबली. गळका नळ आणि फुटका पाइप यांचं गिऱ्हाईक तसंच राहिलं. पाण्याच्या टाकीला व्याजदर कळत नाही.

या मंदीत दोघींनीही पैसा कुठे घातला, हे पाहिलं की त्यांना स्वतःला काय वाटतं ते कळतं. होम डेपोने २०२४ मध्ये एसआरएस ही छपरं, बाग आणि पोहण्याच्या तलावांच्या कंत्राटदारांना माल पुरवणारी कंपनी १८.२५ अब्ज डॉलरना घेतली. लोजनेही २०२५ मध्ये कंत्राटदारांकडे जाणाऱ्या अशाच कंपन्या घेतल्या. रविवारी स्वतः रंग मारणाऱ्या हौशी माणसापेक्षा रोज ट्रकभर माल उचलणारा कंत्राटदार पक्का, असा हा हिशेब. होम डेपोच्या विक्रीत अशा व्यावसायिकांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे.

“ट्रू व्हॅल्यूची साडेचार हजार दुकानं बुडाली”

नाही. १४ ऑक्टोबर २०२४ ला दिवाळखोरीचा अर्ज केला तो ट्रू व्हॅल्यू या घाऊक पुरवठादार कंपनीने. तिच्या नावाची पाटी लावणारी साडेचार हजार दुकानं वेगवेगळ्या मालकांची, आणि ती त्या अर्जात नव्हतीच. इंडियानातल्या डू इट बेस्ट या दुकानदारांच्या सहकारी संस्थेने सुमारे १५.३ कोटी डॉलरना तो धंदा घेतला. दुकानदारांना काही काळ माल वेळेवर मिळेना, हा त्रास खरा. साडेचार हजार शटरं पडली, हे खोटं.

“आता छोट्या दुकानाचे दिवस”

वर ऑर्चर्ड सप्लायचा उल्लेख आला. लोजने सगळ्यात आधी जे मोडीत काढलं ते तिचं महादुकान नव्हतं, तर हे वस्तीतलं छोटं, ओळखीचं दुकान. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या फळबागायतदारांनी एकत्र येऊन खरेदीसाठी काढलेली ही सहकारी संस्था. पुढे सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या ताब्यात गेली, कर्जाने वाकली, २०१२ च्या सुरुवातीला वेगळी झाली, २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिथून लोजने उचलली. गिऱ्हाइकांचं प्रेम अमाप होतं. प्रेमाने कर्जाचे हप्ते जात नाहीत.

एस हार्डवेअरसारखी दुकानदारांच्या मालकीची सहकारी साखळी पाच हजारांवर दुकानं चालवते, तेव्हा छोटं चालतच नाही असंही म्हणता येणार नाही. ते चालतं तिथे बहुधा जागा स्वतःची असते किंवा भाडं माफक, आणि मालकाला प्रत्येक वॉशर कुठल्या खणात आहे हे पाठ असतं.

या मुद्द्यावर फॉरवर्डवाले भारताचं उदाहरण देतात: बघा, आपल्याकडे छोटी दुकानंच टिकली. टिकली, पण कारण दुसरं आहे, आणि ते होम डेपोने चीनमध्ये सहा वर्षं फी भरून शिकलेलं आहे. २००६ मध्ये तिथली बारा दुकानांची साखळी घेतली, २०१२ मध्ये उरलेली सातही बंद केली. ८५० माणसं गेली, १६ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. चीनमध्ये नवा फ्लॅट बहुधा नुसत्या भिंतींचा मिळतो, पण मालक स्वतः करवत हातात घेत नाही, कारागीर लावतो. पुण्या-मुंबईतही नेमकं हेच. टाइल्स कुठल्या हे मालकीण ठरवते; सिमेंट, वायर, पाइप, प्लायवूड कुठून हे मिस्त्री आणि कंत्राटदार ठरवतात. त्यांचं दुकान ठरलेलं असतं. तिथे उधारी चालते, महिनाअखेर हिशेब होतो, उरलेले तुकडे परत घेतले जातात, दोन पोती कमी पडली तर टेम्पो तासात येतो, आणि मिस्त्रीचं जे काय असतं तेही तिथे सुटतं. फ्युचर ग्रुपचं होमटाउन विक्रोळीत वगैरे मोठ्या थाटात आलं तेव्हा त्यात बांधकामाच्या मालालाही जागा होती. पुढे ते मुख्यतः फर्निचरचं दुकान झालं. छोट्या दुकानाला वाचवणारी गोष्ट त्याचा आकार नाही, त्याची वही आहे.

“हजारो कामगार घरी, कारण दुकानं बंद”

इथे फॉरवर्ड नकळत कंपन्यांच्या सोयीचं बोलतो. दुकान चालू ठेवूनही माणसं कमी केली जातात, आणि तेव्हा ॲमेझॉनचा काही संबंध नसतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये लोजने दुकानांतली जोडणीची आणि साफसफाई-देखभालीची कामं बाहेरच्या ठेकेदारांना दिली. शेगड्या, ढकलगाड्या, अंगणातल्या खुर्च्या-टेबलं खोक्यातून काढून जोडून ठेवणारी जी माणसं दुकानाच्या पगारावर होती ती हजारोंच्या संख्येने गेली. दुकान एकही बंद झालं नाही. त्याआधी २०१७ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या मुख्यालयाकडची सुमारे १२५ तंत्रज्ञानातली पदं गेली, आणि कामाचा काही भाग बंगळुरूच्या कार्यालयाकडे आला. आपल्याकडच्या किती घरांत ही बातमी ‘नोकरी लागली’ अशी आली असेल!

खरोखर दुकान बंद होतंय की अफवा आहे, हे अमेरिकेत तपासता येतं. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला, एका ठिकाणच्या ५० किंवा जास्त नोकऱ्या जाणार असतील तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती राज्याच्या कामगार खात्याकडे जाते आणि बहुतेक राज्यं ती यादी जाहीर ठेवतात: कंपनी, पत्ता, किती माणसं, कोणत्या तारखेपासून. यात एक मेख आहे. आठवड्याला सरासरी २० तासांपेक्षा कमी काम करणारे आणि गेल्या बारा महिन्यांत सहा महिनेही न भरलेले लोक त्या ५० मध्ये धरत नाहीत. अर्धवेळ माणसांवर चालणारं दुकान त्यामुळे नोटिशीविनाही बंद होऊ शकतं. म्हणजे यादीत नाव असेल तर बातमी पक्की. नसेल तर खोटीच असं नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की तिथे एप्रिल २०२३ पासून मुदत ९० दिवसांची आहे आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार भरपाई म्हणून सक्तीचा आहे. मुख्यालयात एच-१बी व्हिसावर असलेल्याचं गणित आणखी वेगळं: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस देशात राहता येतं. ते नोटिशीच्या नव्हे, नोकरी संपल्याच्या तारखेपासून मोजतात.

ब्रिटनमध्ये दोन वर्षं भरलेल्या कामगाराला कायद्याने भरपाई मिळते: २२ ते ४० वयातल्या प्रत्येक वर्षाला एक आठवड्याचा पगार, ४१ नंतरच्या वर्षाला दीड, २२ च्या आतल्या वर्षाला अर्धा, जास्तीत जास्त वीस वर्षं, आणि आठवड्याच्या पगारालाही सरकारी कमाल मर्यादा आहे. कंपनी दिवाळखोरीत असेल तर ही रक्कम सरकारी निधीतून मिळते, पण अर्ज स्वतः करावा लागतो. कामगारांशी आधी सल्लामसलत न केल्याबद्दलचा दावा मात्र अडखळतो, कारण ती अट एका ठिकाणच्या २० किंवा जास्त नोकऱ्या जाणार असतील तरच लागते, आणि ‘ठिकाण’ म्हणजे एकेक दुकान, अख्खी कंपनी नव्हे, असा युरोपीय न्यायालयाचा एप्रिल २०१५ चा निकाल आहे. तिथल्या वूलवर्थ्सच्या (वर आलेली ऑस्ट्रेलियातली नव्हे, त्याच नावाची वेगळी कंपनी) लहान दुकानांतली माणसं याच निकालाने कोरडी राहिली. मोठ्या दुकानात होतास तर पैसे, छोट्यात होतास तर नाही!

“नव्वद टक्के सवलत, उचला”

नव्वद टक्क्यांची पाटी लागते ती शेवटच्या दिवसांत, आणि तेव्हा उरतात विचित्र मापाचे पडद्यांचे दांडे आणि मांडणीच्या फळ्या. बंद पडणाऱ्या दुकानांचा माल विकून देणाऱ्या व्यावसायिक कंपन्या सुरुवात १० ते ३० टक्क्यांपासून करतात, आणि ती सूट बऱ्याचदा आधी छापील पूर्ण किमतीवर नेऊन मग दिलेली असते. नेहमीच्या दिवसातला भाव माहीत असेल तरच तुलना करा. परत घेणं-बदलून देणं बंद असतं.

अशा सेलमध्ये काय फसतं ते सांगतो. टाइल्सच्या प्रत्येक खोक्यावर छटा आणि तुकडीचा क्रमांक असतो. उरलेल्या खोक्यांत तो सहसा एक नसतो, आणि फरक दिसतो तो बसवून झाल्यावर. १०० चौरस फुटांना सरळ मांडणीत ११०, तिरक्या मांडणीत ११५ फूट एकाच तुकडीचं मिळत असेल तर घ्या. नंतर दोन टाइल्स आणायला दुकान नसणार. खटक्याने जोडायच्या लॅमिनेट फळ्यांचंही तेच, तुकडी बदलली की खाच जुळत नाही. गडद छटेच्या रंगाचा मूळ डबा स्वस्त दिसतो, पण रंगद्रव्य मिसळायचं यंत्र आधीच उचललेलं असेल तर तो डबा जवळजवळ पारदर्शक थर देतो, भिंत झाकत नाही. सिलिकॉन आणि चिकटवण्याच्या नळीवरची मुदत बघा. सिमेंटची पिशवी दाबून बघा, कडक गोळे लागले तर सोडा. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा बॅटरीवरचा ड्रिल घेऊ नका. दुकान गेलं की त्या खाचेची बॅटरी मिळत नाही. नामांकित कंपनीचा नळ घ्यायला हरकत नाही, त्याची हमी बनवणाऱ्या कंपनीकडे असते; पावती तेवढी जपा.

गिफ्ट कार्ड असेल तर बातमी कळली त्याच दिवशी वापरा. प्रशासक आला की कार्डधारक हा विनातारण देणेकऱ्यांच्या, म्हणजे जवळजवळ शेवटच्या, रांगेत उभा राहतो आणि कार्ड स्वीकारायचं की नाही हे प्रशासक ठरवतो. स्वयंपाकघराची आगाऊ रक्कम भरलेली असेल तर आणखी वाईट. ब्रिटनमध्ये १०० पौंडांच्या वर ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूची रक्कम, निदान काही भाग, क्रेडिट कार्डाने भरला असेल तर कार्ड देणारी बँकही तितकीच जबाबदार असते, तिच्याकडे दावा करता येतो. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. आणि ‘सगळी दुकानं बंद, माल कवडीमोल’ म्हणत नामांकित साखळीच्या चिन्हासह जी जाहिरात फोनवर येते तिच्यातल्या दुव्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. खऱ्या कंपनीच्या पत्त्यात मध्येच आडवी रेघ, ‘सेल’ किंवा ‘आउटलेट’ असे शब्द आले की ते संकेतस्थळ बहुधा कार्डाचे आकडे गोळा करायला उभं केलेलं असतं.